कला, वाणिज्य, विज्ञानाचा एकत्र गटप्रकल्प : आधी वेळापत्रक, विषयांची यादी नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका स्वायत्त महाविद्यालयाने दुसऱ्या वर्षाच्या चौथ्या सत्रात कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांच्या मिळून सुमारे ६०० विद्यार्थ्यांना आंतरविद्याशाखीय गटप्रकल्प द्यायचे ठरवले आहे. प्रकल्प २ क्रेडिटचा. समन्वयक म्हणून नेमलेल्या प्राध्यापिकांनी विचारले आहे की विषयांची चांगली यादी कुठे मिळेल, गट कसे पाडावेत आणि गुण कसे द्यावेत.

गट आणि गुण यांबद्दल पुढे सविस्तर लिहितो. पण यादीची अडचण ही तुमची खरी अडचण नाही. असे प्रकल्प विषय नसल्यामुळे फसत नाहीत. ते फसतात कारण रसायनशास्त्राचा मुलगा आणि वाणिज्यची मुलगी आठवड्यात एकदाही एका वेळी मोकळे नसतात, मार्गदर्शकाचे तास कुणाच्याच वर्कलोडमध्ये धरलेले नसतात आणि दिलेले गुण नेमक्या कोणत्या विभागाचे हे ठरलेले नसते. या तीन गोष्टी कागदावर पक्क्या झाल्या की साधा विषयसुद्धा चांगला प्रकल्प देतो. त्या झाल्या नाहीत तर उत्तम विषयाचाही शेवटी एकच अहवाल होतो : पाच जणांनी पाच प्रकरणे वेगवेगळी लिहून शेवटच्या रात्री एकत्र शिवलेला.

आधी चौकट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात जो क्रेडिट आराखडा लागू झाला, त्यात फील्ड प्रोजेक्ट आणि समुदाय सहभाग प्रकल्प म्हणजे सीईपी यांना जागा आहे. तुमचे २ क्रेडिट बहुधा तिथूनच आले असावेत. इथे एक अडसर आहे, तो सुरुवातीलाच पाहा. आराखड्यात हे प्रकल्प विद्यार्थ्याच्या प्रमुख विषयाशी निगडित असावेत अशी अपेक्षा आहे. म्हणजे प्रकल्प सामायिक असला तरी तपासणीच्या वेळी प्रत्येक विभागाला ‘आमच्या विषयाचे काम कुठे आहे’ हे दाखवता आले पाहिजे. त्यावर सोपा उपाय म्हणजे गटाचा अहवाल एकच, पण त्यासोबत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्रमुख विषयाच्या अंगाने लिहिलेले दोन पानी टिपण. हे टिपण त्या त्या विभागाच्या फाइलला जाते. दुसऱ्या विभागाचा विद्यार्थी आपल्या हातून निसटतो आहे ही भीतीही त्याने बरीचशी कमी होते.

स्वायत्त महाविद्यालयाची स्वतःची अभ्यास मंडळे आणि विद्यापरिषद असते, त्यामुळे तुम्हाला हात मोकळे आहेत. संलग्न महाविद्यालयातून कुणी हे वाचत असेल तर त्यांनी अभ्यासक्रमाला हात न लावता, विद्यापीठाने दिलेल्या सीईपीच्याच चौकटीत गट मिसळून करायचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान, वाणिज्य-व्यवस्थापन आणि मानव्यविद्या यांच्या जोडीला आंतरविद्याशाखीय अभ्यास ही चौथी विद्याशाखा आहे. विद्यापीठ पातळीवर प्रस्ताव न्यायचा असेल तर तो तिच्याकडून नेणे सोयीचे, नाहीतर तीन विद्याशाखांच्या तीन बैठकांत तो तीन वेगवेगळ्या रूपांत बाहेर पडतो.

आता वेळेचा हिशेब. प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकामाचे १ क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. २ क्रेडिटचे ६० तास, १५ आठवड्यांवर वाटले की आठवड्याला ४. यातले २ तास मार्गदर्शकासमोर आणि २ तास क्षेत्रात किंवा गटाने बसून, अशी विभागणी चालते. ६०० विद्यार्थी, पाचाचा गट, म्हणजे १२० गट. एका मार्गदर्शकाकडे चार गट दिले तर ३० मार्गदर्शक लागतात आणि आठवड्याला ६० तासांचे काम उभे राहते. सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे धरले जाते. त्या मापाने हे जवळजवळ चार पूर्ण पदांचे काम झाले. हा आकडा प्राचार्यांसमोर पहिल्याच बैठकीत ठेवा. ‘सगळ्यांनी थोडे थोडे सांभाळून घ्या’ असे उत्तर आले तर ६०० विद्यार्थ्यांवर सुरू करू नका. पहिल्या वर्षी ६० विद्यार्थी, १२ गट, तीन मार्गदर्शक एवढेच घ्या. बाकीचे आपापल्या विभागात नेहमीचा प्रकल्प करतील.

मग सामायिक वेळ. आपल्याकडे कला-वाणिज्यचे वर्ग बऱ्याच ठिकाणी सकाळी साडेसातला सुरू होऊन साडेअकरापर्यंत संपतात आणि विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारी असतात. वाणिज्यची पुष्कळ मुले दुपारी कामाला जातात. म्हणून ‘बुधवारची अख्खी दुपार सर्वांना मोकळी’ ही कल्पना कागदावरच छान दिसते : विज्ञान विभागाला प्रयोगशाळेचा एक दिवस गमवावा लागतो आणि नोकरी करणारी मुले गैरहजर राहतात. त्यापेक्षा साडेअकरा ते दीड ही फट धरा. अर्धे गट मंगळवारी, अर्धे गुरुवारी, म्हणजे खोल्याही पुरतात. क्षेत्रकाम शनिवारी. टाइमटेबल कमिटीने इतर सर्व विषय मांडण्याच्या आधी ही वेळ रोखून ठेवली पाहिजे, नंतर ती सापडत नाही.

वेळ आधी, हा आग्रह माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या वुस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने १९७० मध्ये आपला अभ्यासक्रम प्रकल्पांभोवती नव्याने बांधला. तिथे समाज आणि तंत्रज्ञान यांच्या सीमेवरचा एक गटप्रकल्प प्रत्येकाला करावा लागतो आणि त्याला तीन पूर्ण विषयांइतके वजन आहे. जे विद्यार्थी तो बाहेरगावी करतात ते सात आठवड्यांचे सत्र फक्त त्यालाच देतात. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठात, १९७४ पासून, सत्राचा साधारण अर्धा वेळ प्रकल्पाला असतो. आपल्याला २ क्रेडिटमध्ये तेवढे शक्य नाही. म्हणूनच प्रश्न लहान निवडायचा आणि तो वेळापत्रकात घट्ट बसवायचा.

आता विषय. ‘प्लास्टिक प्रदूषण’, ‘महिला सक्षमीकरण’, ‘डिजिटल व्यवहार’ ही शीर्षके आहेत, प्रश्न नाहीत. अशा शीर्षकाखाली प्रत्येक विषयाचा विद्यार्थी आपापले प्रकरण सुखाने लिहितो आणि कुणालाच कुणाची गरज पडत नाही. विषय मंजूर करताना मी एकच कसोटी लावतो : एका शाखेचा विद्यार्थी गटातून काढला तर बाकीच्यांचे काम अडते का? अडत नसेल तर तो विषय परत पाठवायचा.

कसोटीवर उतरणारे एक उदाहरण पूर्ण उलगडून सांगतो, कारण बाकीचे विषय याच पद्धतीने तयार होतात. प्रश्न असा : ‘अमुक गावच्या नळयोजनेत शेवटच्या नळाला क्लोरीन पोचते का, आणि पोचत नसेल तर का?’ पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोरीनयुक्त पाण्यात मुक्त अवशिष्ट क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. रसायनशास्त्राचे दोन विद्यार्थी टाकीपाशी, वाटेतल्या नळावर आणि शेवटच्या नळावर चाचणी घेतात. गावात ओटी चाचणी ओळखीची असते, पण ऑर्थोटोलिडीन हे रसायन घातक मानले जाते, म्हणून महाविद्यालयाने क्लोरीन मोजायचे डीपीडीचे संच घ्यावेत. चाचणी नळापाशीच करायची. बाटली भरून प्रयोगशाळेत आणली तर वाटेतच क्लोरीन उडून जाते आणि सगळीकडे शून्य येते. ही चूक इतकी नेहमीची आहे की ती सूचनापत्रात ठळक छापा.

समजा शेवटच्या नळाला शून्य आले. रसायनशास्त्र इथे थांबते. पुढचे काम गणिताचे, तेही याच दोघांनी करायचे : टाकी किती लिटरची, किती वेळात भरते, दिवसातून किती वेळा भरते. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. २००० लोकवस्तीला रोज १,१०,००० लिटर झाले. टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, ताजी असताना तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. १००० लिटरला ५ ग्रॅम टाकली तर लिटरला १.६५ मिलिग्रॅमची मात्रा मिळते. त्या हिशेबाने दिवसाला ५५० ग्रॅम, महिन्याला साडेसोळा किलो पावडर लागते. आता वाणिज्यची मुलगी ग्रामपंचायतीत बसून खरेदीच्या पावत्या पाहते. महिन्याला आठच किलो येत असेल तर शून्याचे कारण सापडले. सोळा किलो येऊनही शून्य असेल तर पावडर कुठे ठेवली आहे ते बघायचे. उघड्या पोत्यात, ओलसर खोलीत तिचे क्लोरीन १५ टक्क्यांवर आले असेल तर तीच ५ ग्रॅम मात्रा लिटरला ०.७५ मिलिग्रॅम देते, आणि गढूळ पाणी, लांब पाइप यांत तेवढे सहज संपते.

अजून एक पायरी आहे. पावडर कमी का घेतली जाते? पाणीपट्टीची मागणी किती, वसुली किती, पंपाचे वीजबिल भरल्यावर काय उरते, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार किती महिने थकला आहे, हे अर्थशास्त्र-वाणिज्यचे काम. शेवटच्या नळावर कोणती वस्ती आहे, ती पाणीपट्टी का देत नाही किंवा देऊनही पाणी का मिळत नाही, पाणी भरायला कुणाचा किती वेळ जातो, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुलाखतीतून आणायचे. आणि हे सगळे ग्रामसभेपुढे दहा मिनिटांत, कुणावर आरोप न करता मांडेल असे निवेदन लिहिणे हे मराठीच्या विद्यार्थ्याचे खरे, कसदार काम आहे. भाषेच्या मुलांना ‘तुम्ही टायपिंग आणि मुखपृष्ठ करा’ असे सांगणारे गट मार्गदर्शकाने पहिल्याच आठवड्यात थांबवावेत.

याच पद्धतीने आठवडे बाजारातला ओला कचरा (रोज किती किलो, उचलायला किती खर्च, खत केले तर परवडते का), महाविद्यालयाच्या उपाहारगृहातील अन्न आणि वीज, तालुक्याच्या एसटी स्थानकात शेवटची गाडी चुकणाऱ्या विद्यार्थिनी, असे विषय बांधता येतात. राज्य शासनाने २०१६ पासून राबवलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानामागचा विचारही हाच आहे : जिल्ह्यातले प्रत्यक्ष प्रश्न त्याच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी अभ्यासायचे. मुंबईच्या आयआयटीतील ‘सितारा’ (CTARA) हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र या कामाच्या मुळाशी आहे. त्यांचे अहवाल मार्गदर्शकांना वाचायला द्या. विद्यार्थ्यांना नमुना म्हणून देऊ नका, तेच उतरवले जातात.

गट पाचाचा ठेवा. चाराचा ठेवला आणि एकाने शिक्षण सोडले तर काम पेलत नाही, सातात दोन जण नुसते बसतात. ‘पाच विषयांचे पाच’ हे समीकरण मात्र टाळा. एका विषयाचा एकटा विद्यार्थी गटात असला की त्याचे म्हणणे दबते, किंवा त्याचा विषय उरलेल्यांना कळत नाही म्हणून त्याचे काम कुणी तपासत नाही. दोन, दोन आणि एक अशी रचना बरी : दोन विज्ञानाचे, दोन वाणिज्य किंवा समाजशास्त्रांचे, एक भाषेचा. भाषेचा विद्यार्थी एकटा पडतो हे खरे, पण निवेदनासाठी सगळ्यांना त्याच्याकडे यावेच लागते. क्षेत्रात जाणाऱ्या गटात एकटी मुलगी ठेवू नका. गट समन्वयकाने पाडायचे. विद्यार्थ्यांकडून फक्त तीन पसंतीचे विषय आणि राहते गाव विचारायचे. रोज अप-डाउन करणाऱ्या मुलांना त्यांच्याच मार्गावरचे गाव दिले तर शनिवारची हजेरी आपोआप सुधारते. मित्रांचे गट मागितले जातील, देऊ नका : मित्र बहुधा एकाच वर्गातले असतात.

चौथे सत्र डिसेंबर ते एप्रिल चालते आणि त्यात स्नेहसंमेलन, एनएसएसचे सात दिवसांचे निवासी शिबिर, क्रीडास्पर्धा, मार्चमधली परीक्षेची हवा हे सगळे येते. म्हणून पहिले दोन आठवडे प्रश्न घट्ट करायला, तिसऱ्यात परवानगीपत्रे आणि एक चाचणी भेट, चौथ्या ते आठव्यात माहिती गोळा करणे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर क्षेत्रकाम शिल्लक राहिले तर ते होत नाही असे धरूनच चाला. नववा आणि दहावा आठवडा फक्त एकमेकांचे आकडे जुळवायला ठेवा. हाच भाग वगळला जातो आणि आंतरविद्याशाखीय काम इथेच घडते. या दोन आठवड्यांत प्रत्येकाने दुसऱ्याच्या विषयातला एक आकडा घेऊन आपले निष्कर्ष तपासायचे आणि ते नोंदवहीत लिहायचे. अकरा ते तेरा लेखन, चौदाव्यात गावात सादरीकरण, पंधराव्यात तोंडी परीक्षा.

२ क्रेडिटला ५० गुण धरले तर माझी विभागणी अशी : वैयक्तिक ३०, गटाचे २०. वैयक्तिकमध्ये नोंदवही १०, प्रमुख विषयाचे टिपण ५, तोंडी १५. गटात माहितीची गुणवत्ता ८ आणि अहवाल १२. तुमच्याकडे अंतर्गत-बाह्य गुणांचे प्रमाण ठरलेले असेल त्याप्रमाणे तोंडी आणि अहवाल बाह्य परीक्षकाकडे जातील. गटाचे गुण वैयक्तिकपेक्षा जास्त ठेवले की काम करणाऱ्यावर अन्याय होतो आणि पुढच्या वर्षी चांगली मुलेच प्रकल्पाच्या विरोधात उभी राहतात. तोंडी परीक्षेत एक नियम अवश्य पाळा : रसायनशास्त्राच्या मुलाला पाणीपट्टीच्या वसुलीवर आणि वाणिज्यच्या मुलीला क्लोरीनच्या चाचणीवर एक तरी प्रश्न. हे डिसेंबरमध्येच सांगून टाकले की मुले एकमेकांना शिकवू लागतात.

गटातल्या २० गुणांवर सहकाऱ्यांचे मत लावा. प्रत्येकाने स्वतःला सोडून उरलेल्या चौघांत १०० गुण वाटायचे, प्रत्येक आकड्यासोबत एक वाक्य कारण. सगळे सारखे मिळाले तर प्रत्येकाची बेरीज १०० येते. त्या बेरजेला १०० ने भागून जो गुणक येईल तो ०.८ च्या खाली आणि १.१ च्या वर जाऊ द्यायचा नाही. गटाला २० पैकी १६ असतील आणि कुणाची बेरीज ७० आली तर गुणक ०.८, त्याचे गुण १२.८ म्हणजे १३. बेरीज ११५ आली तर गुणक १.१, गुण १८. मर्यादा घालण्याचे कारण असे की जात, गाव, वर्गातली भांडणे यांचा राग या आकड्यांत उतरतो, आणि चौघांनी मिळून एकाला बाजूला टाकल्याची उदाहरणे घडतात. ८० च्या खाली बेरीज गेली की मार्गदर्शकाने नोंदवही उघडून खातरजमा करायचीच. हे मतदान दोनदा घ्या. सहाव्या आठवड्यातले गुणांत धरायचे नाही, ते फक्त ज्याला त्याला एकट्याला दाखवायचे. मागे पडलेला विद्यार्थी त्यानंतर सुधारतो, असा बऱ्याचदा अनुभव येतो.

तयार प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, आणि आता संगणकही क्षणात पन्नास पाने लिहून देतो. म्हणून अहवाल १२ पानांपेक्षा मोठा स्वीकारू नका, आणि क्षेत्रात हाताने लिहिलेल्या मूळ नोंदी जोडल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसू देऊ नका. तारीख, वेळ, नळाचे ठिकाण, आकडा, लिहिणाऱ्याची सही. खाडाखोड असलेली नोंदवही चांगली समजा.

मार्गदर्शकांबद्दल थोडेच. त्यांना सगळे विषय येत नाहीत आणि यायची गरजही नाही. प्रत्येक विभागातल्या एकाने आठवड्यातून एक तास ठरलेल्या जागी बसायचे, कोणताही गट येऊन विचारू शकेल. सत्राआधी सर्व ३० मार्गदर्शकांनी तेच तीन नमुना अहवाल स्वतंत्रपणे तपासून गुणांची तुलना करावी. एकाच अहवालावरून गटाच्या २० पैकी एक जण ९ आणि दुसरा १७ देतो हे तिथे उघड होते. ते निकालानंतर उघड होण्यापेक्षा बरे.

नापास झालेल्याचे काय, हे नियमात आधीच लिहा. गट पुन्हा जमत नाही. त्यामुळे एटीकेटी लागलेल्या विद्यार्थ्याने त्याच गटाची माहिती वापरून स्वतंत्र पाच पानी विश्लेषण करायचे आणि पुन्हा तोंडी द्यायची, असा ठराव अभ्यास मंडळाकडून करून घ्या. परीक्षा विभागाला हे लेखी मिळाले नाही तर पुढच्या वर्षी तो गुणपत्रिका अडवतो.

गावाची बाजू शेवटी लिहितो आहे, पण तयारीत ती पहिली आहे. एका गावात वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त गट पाठवू नका. तीच प्रश्नावली घेऊन दहावा गट दारात आला की लोक उत्तरे द्यायचे थांबतात. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना प्राचार्यांच्या सहीचे पत्र, त्यात कोण, कधी, कोणते कागद पाहणार आणि निष्कर्ष कोणत्या तारखेला परत देणार हे स्पष्ट असावे. मुलाखतीत नाव लिहायचे नाही, घराला क्रमांक द्यायचा. फोटो विचारून. आणि सर्व गटांची माहिती एकाच नमुन्याच्या तक्त्यात, त्याच स्तंभांत, महाविद्यालयाकडे जमा करून घ्या, म्हणजे पुढच्या डिसेंबरमध्ये नवा गट त्याच नळांवर चाचणी घेऊन गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहू शकेल.

तुमचे सत्र डिसेंबरात सुरू होत असेल तर जूनमध्ये वर्कलोडचा ठराव, जुलैत वेळापत्रकातली जागा, ऑगस्टमध्ये गटांच्या संख्येला पुरतील एवढ्या गावांशी बोलणी, सप्टेंबरात अभ्यास मंडळाकडून गुणांची आणि पुनर्परीक्षेची मान्यता, ऑक्टोबरात मार्गदर्शकांची नमुना तपासणी आणि नोव्हेंबरात डीपीडी संचांची खरेदी, या क्रमाने जा. विषय बांधायला ऑगस्टमधल्या त्या बोलण्यांनंतरच बसा. गावाने सांगितलेल्या अडचणींमधून तुम्हाला लागतील तेवढे प्रश्न मिळतील.